वॉरंटी चौदा महिने बाकी, दाव्याची मुदत त्याआधीच संपते

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑटोमॅटिक गिअरची नवी कार, किंमत साधारण १४ लाख, घेऊन बावीस महिने झाले. तिसऱ्या महिन्यापासून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसके बसतात आणि चढावर किंवा ट्रॅफिकमध्ये गिअरबॉक्स तापल्याचा इशारा येतो. सहा वेळा गाडी वर्कशॉपला गेली. दोनदा सॉफ्टवेअर अपडेट झालं, एकदा क्लच बदलला, हिसके तसेच. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर. शोरूमचं म्हणणं, ‘वॉरंटीला अजून चौदा महिने आहेत, घाई कशाला करता?’ गाडी प्रोप्रायटरी फर्मच्या नावावर आहे आणि कर्ज चालू आहे. विचारलंय की दावा करता येईल का, कधीपर्यंत, गाडी बदलून किंवा पैसे परत मिळतील का, आणि तोवर हप्ते थांबवले तर चालेल का.

घाई करायला हवी. शोरूमवाले सांगतात ती मुदत कंपनीने दिलेल्या आश्वासनाची आहे. ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायची मुदत वेगळी, ती कायद्याने ठरवली आहे आणि वॉरंटी किती उरली याच्याशी तिचा संबंध नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ६९ नुसार वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. तुमची पहिली तक्रार तिसऱ्या महिन्यातली. तिथून कडक हिशेब धरला तर सत्ताविसावा महिना संपायच्या आत तुमचे कागद आयोगात पोचलेले हवेत. म्हणजे हातात चारेक महिने आहेत, आणि वॉरंटी मात्र तेव्हा आणखी नऊ-दहा महिने चालू असेल. वाहनांच्या प्रकरणांत लोक अडकतात ते नेमके इथेच. वॉरंटी चालू आहे म्हणून निवांत राहतात, ती संपल्यावर शोरूमचा सूर बदलतो, मग वकिलाकडे येतात आणि पहिलं जॉब कार्ड, म्हणजे गाडी वर्कशॉपमध्ये घेताना केलेली नोंद, पाहिलं की ते तीन वर्षांपूर्वीचं निघतं.

‘वादाचं कारण घडलं’ म्हणजे नक्की कोणत्या दिवशी, यावर भांडण होतं. कंपनीचा वकील म्हणणार, गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी. उत्पादनातला दोष असेल तर तो पहिल्या दिवसापासूनच होता ना? ते नाही जमलं तर म्हणणार, पहिली तक्रार नोंदवली त्या दिवशी. तुमची बाजू अशी मांडता येते की वॉरंटीत दुरुस्त करून देण्याचं आश्वासन होतं, तुम्ही त्यावर विसंबून गाडी नेत राहिलात, आणि दुरुस्ती जमत नाही हे शेवटच्या अयशस्वी प्रयत्नानंतर किंवा कंपनीने नकार दिल्यावर कळलं. म्हणून दोन वर्षं तिथून मोजा. वॉरंटीच्या काळात दोष सलग नोंदला गेला असेल तर आयोग ही मांडणी अनेकदा मान्य करतात. पण ‘अनेकदा’ हा शब्द लक्षात ठेवा. मुदतीचा मुद्दा युक्तिवादावर सोडण्यासारखा नसतो. पहिल्या जॉब कार्डच्या तारखेपासून दोन वर्षं मोजून त्याच्या आत दाखल केलं, तर समोरच्याच्या उत्तरातले चार परिच्छेद आपोआप निकामी होतात. हिशेबाला जागा असेल तर मी खरेदीच्या तारखेपासूनच मोजायला सांगतो. तुमच्या बाबतीत तसे दोनच महिने उरतात, आणि कागद तयार असतील तर तेवढे पुरतात.

पत्रव्यवहार चालू ठेवला की मुदत वाढते, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. कंपनीला मेल केला, कंपनीने ‘आम्ही लक्ष घालत आहोत’ असं उत्तर दिलं, की नव्याने दोन वर्षं सुरू होतात असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. विम्याच्या एका प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उशिरा केलेल्या मागणीला समोरच्याने उत्तर दिलं एवढ्यावरून संपलेली मुदत पुन्हा जिवंत होत नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने असंही म्हटलं की समोरच्याने हरकत घेतली नाही तरी तक्रार मुदतीत आहे का हे आयोगाने स्वतःहून पाहायचं असतं. वकिली नोटिशीनेही घड्याळ थांबत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली तरी नाही. हेल्पलाइनचा उपयोग आहे, कधीकधी कंपनीच्या वरच्या माणसापर्यंत विषय पोचतो, पण तो समजुतीने मिटवण्याचा मार्ग आहे, दावा नव्हे.

मुदत उलटून गेली असेल तर दरवाजा पूर्ण बंद होत नाही. कलम ६९ मध्येच तरतूद आहे: पुरेसं कारण दाखवलं तर आयोग कारण नोंदवून विलंब माफ करू शकतो. त्यासाठी तक्रारीसोबत वेगळा विलंब माफीचा अर्ज आणि शपथपत्र लागतं, आणि किती दिवसांचा उशीर झाला व का झाला हे तारखांसकट सांगावं लागतं. आजारपण, रुग्णालयाचे कागद, घरातला मृत्यू ही कारणं चालतात. ‘कंपनीशी बोलणी चालू होती’ हे कारण बहुतेक जण देतात आणि बहुतेक वेळा ते अपुरं पडतं. फक्त कंपनीने लेखी कबुली देऊन ठरावीक तारखेपर्यंत थांबायला सांगितलं असेल, तर त्यात थोडा जीव असतो.

वॉरंटीच्या पुस्तिकेत उलट्या बाजूची मुदतही सापडते. ‘दोष दिसल्यापासून अमुक दिवसांत लेखी कळवलं नाही तर सर्व हक्क संपुष्टात येतील’ अशा अर्थाचं वाक्य. भारतीय करार अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे हक्क बजावण्याची मुदत करारातून आखूड करणारी किंवा ठरावीक मुदतीनंतर हक्कच संपवणारी अट तेवढ्यापुरती रद्दबातल असते. म्हणून असं वाक्य दाखवून कुणी परत पाठवलं तर घाबरू नका. पण वॉरंटीचा काळच तीन वर्षांचा असणं ही वेगळी गोष्ट आहे. तो किती काळाचं आश्वासन द्यायचं याचा करार आहे आणि तो वैध आहे. दोष त्या काळात निर्माण झाला आणि त्या काळात नोंदला गेला, हे दाखवणं तुमच्याकडे. पुस्तिकेत ‘वाद फक्त अमुक शहरातील न्यायालयात’ किंवा ‘लवादाकडे’ असं लिहिलेलं असलं तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही. ग्राहक कायदा इतर उपायांच्या जोडीला आहे, आणि लवादाच्या अटीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलं आहे.

आता फर्मच्या नावाचा मुद्दा, कारण कंपनी तो पहिल्याच परिच्छेदात काढणार. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ‘ग्राहक’ नसतो, असं कलम २ (७) सांगतं. पण गाडी कुणाच्या नावावर आहे यावरून हेतू ठरत नाही. ती कशासाठी वापरली जाते आणि नफा कमावण्याच्या उलाढालीशी तिचा थेट संबंध आहे का, हे पाहिलं जातं. संचालकांच्या वापरासाठी कंपनीने घेतलेल्या महागड्या गाड्यांच्या प्रकरणात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या कंपनीचा हा आक्षेप फेटाळला. तुमची तर प्रोप्रायटरी फर्म, म्हणजे कायद्याच्या नजरेत तुम्हीच. घरच्या आणि येण्याजाण्याच्या वापराची गाडी असेल तर तक्रारीत तसं पहिल्याच पानावर लिहा. तक्रार ‘अमुक फर्मचे प्रोप्रायटर म्हणून’ तुमच्या नावाने करा. गाडी भाड्याने देत असाल तर चित्र बदलतं. मात्र स्वतः टॅक्सी चालवून पोट भरणारा माणूस ग्राहकच राहतो. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूतून वगळली आहे.

कुठे दाखल करायचं, हे आता सोपं झालं आहे. मोजायची ती वस्तूसाठी दिलेली किंमत. मागितलेली भरपाई त्यात धरायची नाही. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याच्यावर राष्ट्रीय आयोग. १४ लाखांच्या गाडीसाठी जिल्हा आयोग, आणि तोही तुम्ही राहता किंवा नोकरी-व्यवसाय करता त्या जिल्ह्यातला. शोरूम किंवा कारखाना दुसऱ्या राज्यात असला तरी तिकडे जावं लागत नाही. शुल्क ५ लाखांपर्यंत शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,०००. तुम्हाला ४०० रुपये पडतील. ऑनलाइन दाखल करता येतं. वकील सक्तीचा नाही, पण वाहनाच्या प्रकरणात तज्ज्ञांचा अहवाल आणि उलट प्रश्नावली येते, तेव्हा कुणी जाणता सोबत असलेला बरा.

डीलर आणि उत्पादक दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. एकट्या डीलरला केलं तर तो म्हणतो दोष कारखान्याचा, एकट्या उत्पादकाला केलं तर तो म्हणतो काम वर्कशॉपने बिघडवलं. डीलर आणि उत्पादक यांच्यातला करार बहुधा ‘मालक-मालक’ स्वरूपाचा असतो, म्हणजे डीलर हा उत्पादकाचा एजंट नसतो. याच कारणाने २०२१ मध्ये टाटा मोटर्सच्या प्रकरणात डीलरने जुन्या मॉडेलची गाडी नवी म्हणून विकल्याबद्दल उत्पादकाला जबाबदार धरायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. उत्पादकाला त्याची माहिती होती असा पुरावा नव्हता. म्हणून तक्रारीत दोघांचे दोष वेगवेगळे लिहा: उत्पादकाने दिलेल्या वस्तूत दोष, डीलरच्या सेवेत कसूर.

खरी लढाई पुराव्याची असते आणि इथे थोडं थांबून सांगतो, कारण कायदा बहुतेकांना कुठूनही कळतो, कागद मात्र कुणी सांगत नाही. तुमच्या सहा भेटींची सहा जॉब कार्डं आहेत का? नुसती बिलं नकोत. गाडी आत घेताना तयार होतं ते, तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहिलेलं कार्ड हवं. सर्व्हिस ॲडव्हायझर बऱ्याचदा ‘हिसके बसतात’च्या जागी ‘जनरल चेकअप’ लिहितो. बाहेर पडताना ‘ओके’ किंवा ‘दोष आढळला नाही’ अशी नोंद होते आणि गेट पास मिळण्यासाठी समाधानाच्या रकान्यात सही घेतात. दोन वर्षांनी हीच सही आयोगापुढे ठेवली जाते: पाहा, ग्राहक समाधानी होता. यापुढे सही करताना त्याच कागदावर ‘दोष कायम, ट्रायलमध्ये दाखवला’ असं लिहून खाली तारीख टाका आणि फोटो काढा. लिहू देत नसतील तर शोरूममधून बाहेर पडायच्या आत कंपनीच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर तसा मेल करा. जुनी जॉब कार्डं हरवली असतील तर डीलरकडे लेखी मागा. कंपनीच्या प्रणालीत गाडीच्या चेसिस नंबरवर सगळा सर्व्हिस इतिहास असतो. देत नसतील तर आयोगाकडे अर्ज करून ती कागदपत्रं हजर करायला लावता येतात.

स्कॅनरने निघालेल्या फॉल्ट कोडची प्रिंट मागा. सॉफ्टवेअर अपडेट झालं असेल तर कोणती आवृत्ती होती आणि कोणती टाकली हे कार्डवर नोंदवून घ्या. सुटा भाग बदलला असेल तर जुना भाग कुठे गेला ते विचारा. वॉरंटीत बदललेला भाग कंपनी परत घेते, पण त्याचा फोटो आणि भागाचा क्रमांक तुमच्याकडे हवा. तुमच्या प्रकरणात क्लच बदलूनही हिसके राहिले, ही सर्वांत भक्कम नोंद आहे. कंपनीने स्वतःच्या खर्चाने महागडा भाग बदलला म्हणजे दोष होता हे तिने कृतीतून मान्य केलं, आणि तो बदलूनही दोष गेला नाही म्हणजे मूळ दुसरीकडे आहे. हे तक्रारीत ठळक लिहा. हिसके आणि इशारा यांचे व्हिडिओ काढताना डॅशबोर्डवरचे किलोमीटर दिसू द्या. व्हिडिओ चालकाने काढू नये, हे सांगायची गरज नसावी.

तज्ज्ञांचा अहवाल. वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग कलम ३८ प्रमाणे ती योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो, अहवालासाठी कायद्याने ४५ दिवस दिले आहेत आणि तपासणीचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं. वाहनांच्या बाबतीत पुण्याची एआरएआय किंवा सीआयआरटी यांसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्था, सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या यंत्र विभागाचे प्राध्यापक, कधी आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक अशांची नेमणूक होते. दोष सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, आणि अहवालाअभावी चांगली प्रकरणं फेटाळलेली मी पाहिली आहेत. म्हणून तज्ज्ञ नेमण्याचा अर्ज तक्रारीसोबतच द्या. कंपनीचं उत्तर येईपर्यंत थांबू नका. उशीर होईल तसे किलोमीटर वाढतात आणि दोष आणि झीज यांतला फरक पुसट होतो. अर्जात तपासणी कशी व्हावी तेही सुचवा. तुमचा दोष तापल्यावर येतो. थंड गाडी लिफ्टवर उचलून पाहिली तर काहीच दिसणार नाही. गर्दीच्या आणि चढाच्या रस्त्यावर, गिअरबॉक्स गरम असताना, स्कॅनर जोडून चाचणी घ्यावी आणि दोन्ही बाजूंना हजर राहू द्यावं, अशी विनंती करा. अहवाल विरोधात गेला तर त्यावर लेखी हरकत घेता येते, तज्ज्ञाला प्रश्न विचारता येतात.

प्रत्येक वेळी अहवाल हवाच असंही नाही. ह्युंदाई क्रेटाच्या अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत, ते प्रकरण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलं. टक्कर किती वेगाने आणि किती जोराने झाली तर एअरबॅग उघडते, याचं भौतिकशास्त्र ग्राहकाला ठाऊक असावं अशी अपेक्षा धरता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि भरपाईबरोबर गाडी बदलून देण्याचा आदेशही कायम ठेवला. पण ते सुरक्षेच्या साधनाचं प्रकरण होतं. हिसके बसणाऱ्या गिअरबॉक्सच्या बाबतीत त्याच्या भरवशावर अहवाल टाळू नका.

गाडी बदलून मिळेल का? भारतात सदोष गाड्यांसाठी वेगळा कायदा नाही. ‘इतक्या दुरुस्त्या झाल्या की गाडी परत’ असं अमेरिकेतल्या राज्यांसारखं सूत्र इथे नाही, त्यामुळे सहा भेटी झाल्या म्हणून आपोआप नवी गाडी मिळत नाही. आयोगाचे अधिकार मात्र कलम ३९ मध्ये भरपूर आहेत: दोष दूर करायला लावणं, वस्तू बदलून देणं, व्याजासह किंमत परत करणं, नुकसानभरपाई आणि खर्च. त्यांतलं काय मिळेल हे दोष किती मुळाशी आहे यावर ठरतं. मारुती उद्योगच्या २००६ च्या निकालात क्लचची तक्रार होती. वॉरंटीची अट सदोष भाग बदलून देण्याची आहे, अख्खी गाडी बदलून देण्याची नाही, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नवी गाडी देण्याचा आदेश काढून टाकला. कंपन्या हा निकाल अगदी पहिल्या तारखेपासून दाखवतात. त्याच्या समोर फियाटचा २०१० चा निकाल ठेवा. तिथे इंजिनाच्या आवाजाची तक्रार होती. इंजिन बदलून द्या, आणि त्यानंतरही स्वतंत्र तज्ज्ञाला उत्पादनातला दोष आढळला तर किंमत, आजीवन कर आणि हप्त्यांची रक्कम १२ टक्के व्याजाने परत करा, अशी पायऱ्यांची मांडणी त्यात मान्य झाली.

याच धर्तीवर मागण्या लिहा. मुख्य मागणी: किंमत व्याजासह परत किंवा तशीच नवी गाडी. पर्यायी मागणी: संपूर्ण गिअरबॉक्स असेंब्ली नवी बसवून द्यावी, त्या असेंब्लीला बसवल्या तारखेपासून स्वतंत्र नवी वॉरंटी द्यावी, आणि ठरावीक काळात दोष पुन्हा दिसला तर किंमत परत करावी. ही नवी वॉरंटी मागणं महत्त्वाचं आहे, कारण बहुतेक पुस्तिकांनुसार बदललेल्या भागाला मूळ वॉरंटीचा उरलेला काळच मिळतो. त्याशिवाय मनस्ताप, पर्यायी गाडीचा खर्च (बिलं जोडा) आणि तक्रारीचा खर्च. नुसतं ‘नवी गाडी द्या’ एवढंच मागून पर्यायी मागणी न लिहिणं धोक्याचं. आयोगाला दोष मान्य असतो पण नवी गाडी जड वाटते, आणि मग किरकोळ रक्कम देऊन प्रकरण मिटवलं जातं. भरपाईचे आकडे अवाच्या सवा लिहू नका. पन्नास लाखांचा मनस्ताप वाचून कुणी प्रभावित होत नाही.

२०१९ च्या कायद्यातलं ‘उत्पादन दायित्व’ हे प्रकरण हल्ली सर्रास तक्रारीत घातलं जातं. त्याचा उपयोग सदोष गाडीमुळे माणसाला इजा झाली किंवा दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं तर आहे. खुद्द त्या वस्तूचं नुकसान आणि वॉरंटीभंगाचं नुकसान त्या व्याख्येतून वगळलेलं आहे. तुमचं प्रकरण ‘वस्तूतील दोष’ आणि ‘सेवेतील कसूर’ यांत बसतं, तिथेच ठेवा.

तुमच्या मॉडेलची रिकॉल मोहीम निघाली आहे का, हे चेसिस नंबरवरून कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं. पर्यावरणाला, गाडीतल्या माणसांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका पोचवणारा दोष असेल तर सरकार सात वर्षांपर्यंतच्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. ही व्यवस्था एप्रिल २०२१ पासून लागू आहे. चढावर ताण देणारा गिअरबॉक्स मध्येच तापून गाडी थांबत असेल तर तो सुरक्षेचा प्रश्न आहे, परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवा. त्यातून तुम्हाला वैयक्तिक भरपाई मिळणार नाही, पण त्याच मॉडेलच्या इतरांच्या तक्रारी जमा झाल्या तर दोष रचनेचाच आहे हे दाखवायला मदत होते.

बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी दाखवू नका, निदान गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. वेळच्या वेळी सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच करा आणि एकही चुकवू नका. बाहेर तेल बदललं म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी गेली हा बचाव तर्काला धरून नसला तरी तो खोडून काढण्यात वर्ष जातं. गाडी सुरक्षित वाटत असेल तर जपून वापरा. ‘तक्रारदाराने पंचेचाळीस हजार किलोमीटर गाडी चालवली, मग दोष कुठला?’ हा युक्तिवाद होणारच. त्याला उत्तर म्हणून प्रत्येक भेटीतले किलोमीटर आणि त्या वेळचा दोष यांचा एक साधा तक्ता तक्रारीला जोडा. वर्कशॉपमध्ये गाडी सोडून देण्याचा सल्ला काही जण देतात. तिथे ती पडून खराब होते, पार्किंगचं भाडं लावतात आणि तुमच्यावर गाडी न नेल्याचा ठपका येतो. सोडायचीच असेल तर ‘गाडी चालवणं असुरक्षित आहे म्हणून दुरुस्तीसाठी सोपवत आहे’ असं लेखी देऊन पोच घ्या.

दाखल करण्यापूर्वी नोटीस देणं कायद्याने सक्तीचं नाही, पण द्या. दोघांना, पंधरा दिवसांची, नोंदणीकृत टपालाने आणि मेलने. जेमतेम वेळ उरला असेल तर नोटिशीच्या उत्तराची वाट पाहत मुदत घालवू नका.

दाखल झाल्यावर काय होतं ते थोडक्यात. तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरतं. सामनेवाल्यांना उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. हे ४५ दिवस ओलांडता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये जुन्या कायद्यातल्या तशाच तरतुदीबाबत ठरवलं आहे, तेव्हा सेहेचाळिसाव्या दिवशी आलेल्या उत्तराला हरकत घ्यायला विसरू नका. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्ष-दीड वर्ष धरून चाला, काही ठिकाणी त्याहून जास्त. मधल्या काळात मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर झिडकारू नका. तज्ज्ञांचा अहवाल तुमच्या बाजूने आला की कंपन्या गाडी परत घेऊन रक्कम देण्याच्या बोलण्यावर येतात, आणि ती बोलणी मध्यस्थीत झाली तर तडजोड आयोगाच्या आदेशात नोंदली जाते. निकाल विरोधात गेला तर राज्य आयोगाकडे अपिलासाठी ४५ दिवस. कंपनीला अपील करायचं असेल तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळला नाही तर दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करता येते, आणि कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

शेवटचा प्रश्न हप्त्यांचा. थांबवू नका. कर्जाचा करार तुमचा आणि बँकेचा, गाडीत दोष आहे म्हणून तो थांबत नाही. हप्ते थकले की बँक गाडी उचलते, मग तज्ज्ञाने तपासायला गाडीच उरत नाही, आणि पतमानांकन बिघडतं ते वेगळंच. हप्त्यांचा तक्ता आणि भरलेलं व्याज तक्रारीला जोडा, परताव्याच्या मागणीत त्याचा वेगळा उल्लेख करा. किंमत परत करण्याचा आदेश झाला तर आधी बँकेचं उरलेलं कर्ज फेडून नोंदणीवरचा बोजा उतरवावा आणि बाकी रक्कम तुम्हाला द्यावी, अशी मागणी आताच लिहून ठेवा. नाहीतर निकालानंतर ‘बोजा उतरवून द्या, मग पैसे देतो’ म्हणत डीलर आणखी चार महिने काढतो.